महाकाय कृष्णविवर दीर्घिकेची वाढ कशी रोखते?

गेल्या महिन्यात ठाण्याला नौपाड्यातील एका सभागृहात माझे व्याख्यान झाले. ते संपल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये शीतकरण यंत्रणा सांभाळतो, अशी स्वतःची ओळख करून देऊन त्यांनी विचारले : "दीर्घिकेच्या मानाने तिच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवर अगदीच किरकोळ असते, असे तुम्ही आताच सांगितलेत. मग ते संपूर्ण दीर्घिकेची वाढ रोखते म्हणता, ते कसे? आणि हे सिद्ध झालेले आहे, की जुळवून आणलेले?" सभागृहाची वेळ संपली होती, पंखे एकेक करून बंद होऊ लागले होते, आणि हा प्रश्न दोन मिनिटांत उरकण्याजोगा नव्हता, म्हणून सविस्तर लिहून देण्याचे मी कबूल केले.

किरकोळ म्हणजे किती किरकोळ, ते आधी पाहू. आपल्या आकाशगंगेच्या, म्हणजे आपण राहतो त्या दीर्घिकेच्या (गॅलक्सीच्या), केंद्रात, धनू राशीच्या दिशेला सुमारे २७,००० प्रकाशवर्षांवर असलेल्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट आहे. हा आकडा त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षांवरून काढलेला आहे. एस २ नावाचा तारा त्याला १६ वर्षांत एक फेरी घालतो, आणि मे २०१८ मध्ये तो कृष्णविवराच्या सर्वांत जवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर पोहोचला होता. या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे चिकाटीने माग काढणारे राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ हे २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. ४३ लाख सूर्य ऐकायला पुष्कळ वाटतात. पण अदृश्य कृष्णद्रव्य धरून आकाशगंगेचे एकूण वस्तुमान सूर्याच्या एक लाख कोटी पटींच्या घरात जाते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर होती. त्या प्रमाणात पाहिले तर कृष्णविवराच्या वाट्याला जेमतेम आठ माणसे येतात. आकाराचे प्रमाण तर याहून विषम आहे. आकाशगंगेची एक लाख प्रकाशवर्षे रुंदीची चकती ठाणे ते कल्याण एवढ्या अंतरात मावेल अशी आक्रसली, तर तिच्या मधोमध असलेल्या कृष्णविवराचे घटना क्षितिज, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही ती सीमा, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एखाद्या जिवाणूपेक्षाही लहान भरेल.

त्यामुळे कृष्णविवर आपल्या गुरुत्वाकर्षणाने दीर्घिकेवर ताबा ठेवत असेल, ही शक्यता पहिल्याच पायरीला बाद होते. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो तो त्याच्या कक्षेच्या आत असलेल्या सगळ्या ताऱ्यांच्या, वायूच्या आणि कृष्णद्रव्याच्या एकत्रित ओढीमुळे. ते वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहा हजार कोटी पट आहे, आणि त्यातून ४३ लाख वजा केले तर हिशेबाच्या शेवटच्या अंकातही फरक जाणवणार नाही. कृष्णविवराचे गुरुत्व खऱ्या अर्थाने चालते ते त्याच्या आसपासच्या मोजक्या प्रकाशवर्षांत. त्यापलीकडे त्याला कोणी विचारत नाही. सर्व काही ओढून घेणारा भोवरा हे जे चित्र चित्रपटांनी आणि वृत्तवाहिन्यांनी रूढ केले आहे, ते या विषयाच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण आहे, असे माझे मत आहे. उलट कृष्णविवरात काही पडणे हेच कठीण असते. केंद्राकडे येणाऱ्या वायूला थोडी तरी फिरकी असतेच, आणि जसजसा तो आत सरकतो तसतशी ती फिरकी वाढत जाऊन त्याला बाहेरच रोखून धरते. मोरीच्या तोंडाशी पाणी सरळ खाली न जाता गरगरत राहते, तसा हा वायू कृष्णविवराभोवती चकती करून फिरत राहतो. चकतीतील घर्षणामुळे आणि चुंबकीय क्षेत्रांच्या ओढाताणीमुळे त्याची फिरकी हळूहळू बाहेर वाहून नेली जाते, तेव्हाच तो थोडा थोडा आत उतरतो. आणि उतरताना प्रचंड तापतो.

सगळे रहस्य या तापण्यात आहे. हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होताना, म्हणजे सूर्याच्या पोटात जी प्रक्रिया चालते तिच्यात, मूळ वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाचीच ऊर्जा होते. कृष्णविवराच्या चकतीतून आत पडणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण, कृष्णविवराच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगानुसार, साधारण ६ टक्क्यांपासून तत्त्वतः ४२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. व्यवहारात आम्ही १० टक्के धरून चालतो. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा जवळजवळ १६ टक्क्यांनी लाल बाजूला सरकलेल्या आहेत हे ओळखले (ही सरक जितकी मोठी तितकी वस्तू दूर), आणि हा ठिपका २०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर असून आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या शंभरपटीहून अधिक प्रकाश फेकतो आहे, हे स्पष्ट झाले. एवढा प्रकाश तोही सूर्यमालेच्या आसपासच्या आकाराच्या जागेतून कसा येतो, याचे उत्तर पुढच्याच वर्षी एडविन सॉल्पीटर आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे सुचवले : कृष्णविवरात पडणारा वायू. अशा ठिपक्यांना क्वेसार म्हणतात. तेजस्वी क्वेसार पेटता ठेवायला वर्षाकाठी काही मोजके सूर्य, फार तर दहा-वीस सूर्य, एवढा वायू पुरतो.

आता हिशेब करू. प्रश्नकर्ते अभियंते आहेत, त्यांना तो आवडेल. दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा जो गोलसर फुगवटा असतो, त्याच्या वस्तुमानाचा साधारण पाचशेवा भाग कृष्णविवराचा असतो असे धरा. हे कृष्णविवर वाढताना त्याच्या वस्तुमानाच्या दहाव्या भागाएवढी ऊर्जा बाहेर पडली असणार. म्हणजे फुगवट्याच्या वस्तुमानाचा पाच हजारावा भाग, गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. फुगवट्याला एकत्र बांधून ठेवणारी ऊर्जा म्हणजे ढोबळमानाने त्याचे वस्तुमान गुणिले त्यातील ताऱ्यांच्या वेगाचा वर्ग, आणि हा वेग मोठ्या दीर्घिकेत सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास असतो. प्रकाशाचा वेग त्याच्या दीड हजार पट, त्याचा वर्ग साडेबावीस लाख, आणि त्याला पाच हजारांनी भागले की उरतात साडेचारशे. याचा अर्थ असा की, त्या आठ माणसांच्या हाती आलेली ऊर्जा संपूर्ण फुगवटा विस्कटून टाकायला लागणाऱ्या ऊर्जेच्या काहीशे पट असते. ऊर्जा कमी पडत नाही. ती गरजेपेक्षा फार जास्त आहे, आणि म्हणूनच खरा प्रश्न उलटा होतो. एवढी ऊर्जा बाहेर पडूनही दीर्घिका शिल्लक कशा राहिल्या? सबस्टेशनपर्यंत शंभर मेगावॉट येऊन पोहोचले म्हणजे ते रॅकपर्यंत पोहोचले असे होत नाही, हे डेटा सेंटरमधील माणसाला सांगायला नको. क्वेसारचा बराचसा प्रकाश दीर्घिकेतील वायूला न शिवताच अवकाशात निघून जातो. किती ऊर्जा वायूच्या पदरात पडते आणि किती वाया जाते, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

आणि इथेच त्यांचा व्यवसाय माझ्या कामी येतो, कारण तारानिर्मिती हा मुळात शीतकरणाचा प्रश्न आहे. तारे जन्मतात ते उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास गारठलेल्या रेणूंच्या ढगांत. तापलेल्या वायूचा दाब गुरुत्वाला दाद देत नाही. वायूने आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकली, तरच तो दबतो, आकसतो आणि त्याचे तारे होतात. म्हणजे दीर्घिकेची वाढ रोखायची असेल तर वायू तिच्यातून हाकलून दिलाच पाहिजे असे नाही, तो थंड होऊ दिला नाही तरी काम भागते. चिलर बंद पाडला की सर्व्हर कोणी उचलून न्यावे लागत नाहीत, ते आपोआप थांबतात.

हे प्रत्यक्षात घडताना पाहायचे असेल तर ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकांच्या समूहाकडे जावे लागेल. अशा समूहांतील बहुतांश साधे द्रव्य ताऱ्यांत नसून कोट्यवधी अंश तापमानाच्या विरळ वायूत असते आणि तो वायू क्ष-किरणांत चमकतो. चमकतो म्हणजे ऊर्जा गमावतो. केंद्राजवळ, जिथे वायू दाट आहे, तिथे तो शंभर कोटी वर्षांच्या आतच थंड होऊन मध्यवर्ती दीर्घिकेवर कोसळायला हवा, आणि त्यातून वर्षाला शेकडो सूर्यांएवढे नवे तारे जन्मायला हवेत, असे साधे गणित सांगत होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-अडीच दशकांत खगोलशास्त्रज्ञांनी हे हरवलेले तारे शोधण्यात बरीच शाई खर्च केली. १९९९ मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन क्ष-किरण दुर्बिणी अवकाशात गेल्यावर कळले की तारे हरवलेले नव्हते, ते झालेच नव्हते. वायू काही प्रमाणात थंड होतो आणि मग थांबतो. कोणीतरी त्याला सतत ऊब पुरवत होते.

तो कोण, हे चंद्रा दुर्बिणीच्या चित्रांत उघड दिसते. मध्यवर्ती दीर्घिका एनजीसी १२७५ हिच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या वायूत हजारो प्रकाशवर्षे रुंदीच्या पोकळ्या आहेत, आणि त्याच जागी रेडिओ दुर्बिणीने पाहिले तर त्या रिकाम्या नसून प्रकाशवेगाच्या जवळपास धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आहेत. कृष्णविवराजवळून निघणाऱ्या दोन झोतांनी फुगवलेले हे बुडबुडे आहेत. चुलीवर पिठले रटरटू लागले की तळातून बुडबुडा उठतो, दाट पिठल्याला बाजूला सारत वर येतो, फुटतो आणि आजूबाजूचे सगळे ढवळून निघते. समूहातील वायूतही तेच होते, फक्त एकेक बुडबुडा वर यायला कोट्यवधी वर्षे लागतात. बुडबुड्याचा आकार आणि त्याच्याभोवतीच्या वायूचा दाब माहीत असला की तो फुगवायला किती ऊर्जा लागली हे शालेय भौतिकशास्त्राने काढता येते. अशा अनेक समूहांत ही मोजणी झाली आहे, आणि क्ष-किरणांतून जेवढी ऊर्जा बाहेर जाते साधारण तेवढीच बुडबुड्यांतून आत येते, असे दिसते. छोट्या समूहात छोटा झोत, मोठ्या समूहात मोठा झोत, असा हा मेळ बसतो. योगायोग म्हणायला तो फार नेटका आहे. त्याचे कारण बहुधा थर्मोस्टॅटचे असावे : वायू थंड झाला की त्याचे थेंब केंद्रावर ठिबकू लागतात, कृष्णविवराला खाद्य मिळते, झोत पेटतात, वायू तापतो, ठिबकणे थांबते, कृष्णविवर उपाशी पडते, आणि वायू पुन्हा थंड होऊ लागतो.

बुडबुड्यांची ऊब समूहभर सारखी कशी पसरते, हे मात्र अजून पूर्ण उलगडलेले नाही. २००३ मध्ये ययातीतील याच वायूत बुडबुड्यांभोवती वर्तुळाकार तरंग सापडले. त्या ध्वनिलहरी आहेत, त्यांच्या एका आंदोलनाला जवळजवळ एक कोटी वर्षे लागतात, आणि संगीताच्या भाषेत तो स्वर पियानोच्या मधल्या सा-च्या ५७ सप्तके खाली कुठेतरी येतो. ध्वनी विरताना उष्णता मागे ठेवतो, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग वायूतील खळबळीचा. जपानच्या हितोमी या उपग्रहाने २०१६ मध्ये त्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर मोजला. तो अपेक्षेपेक्षा बराच शांत निघाला, तरी ऊब पुरवायला कदाचित पुरेसा. हे निरीक्षण झाले आणि उड्डाणानंतर अवघ्या सव्वा महिन्यात उपग्रह निकामी झाला. आमच्या क्षेत्रात अशा चुकचुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

मी स्वतः या विषयात शिरलो तो रेडिओच्या बाजूने. कल्याण, मुरबाड आणि माळशेज घाट ओलांडून जुन्नर तालुक्यात उतरले की नारायणगावच्या पुढे खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यभागी एकत्र आणि उरलेल्या १६ शेतशिवारांतून तीन दिशांना पसरलेल्या. बुडबुड्यांतील इलेक्ट्रॉन जसजसे म्हातारे होतात तसतसे ते उच्च वारंवारतेवर आधी विझतात आणि कमी वारंवारतेवर शेवटपर्यंत मिणमिणत राहतात. म्हणून कृष्णविवराने दहा कोटी वर्षांपूर्वी काय केले होते हे पाहायचे तर कमी वारंवारतेची दुर्बीण लागते, आणि जीएमआरटीचे बलस्थान नेमके तेच आहे. रात्रभर माहिती गोळा करायची आणि मग आठवडेच्या आठवडे त्यातून विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा, मोबाइलचा आणि उपग्रहांचा गोंगाट निवडून काढायचा, हे तांदूळ निवडण्यासारखे काम आहे. पहिल्या नकाशात बहुधा काहीच दिसत नाही. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर पडद्यावरच्या कुरकुरीतून दोन फिकट पिसे वर येतात, एक दीर्घिकेच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मध्ये सुईच्या टोकाएवढा ठिपका. सगळा उद्योग त्या ठिपक्याचा असतो. भुजंगधारी तारकासमूहातील दीर्घिकासमूहात, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेसारख्या पंधरा चकत्या ओळीने मावतील एवढी पोकळी असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, त्यातही जीएमआरटीची निरीक्षणे होती. २०२४ मध्ये सापडलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षे लांब झोतांच्या जोडीची मूळ दीर्घिका ओळखण्यासाठीही ती वापरली गेली.

इतका वेळ मी झोतांबद्दल बोललो, कारण त्यांची बाजू भक्कम आहे. क्वेसारांची बाजू तितकी भक्कम नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तेजस्वी क्वेसारच्या चकतीतून प्रकाशवेगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत वेगाचे वारे सुटतात आणि ते दीर्घिकेतील थंड वायू ढकलत बाहेर नेतात, असे काही ठिकाणी दिसते. मार्केरियन २३१ या जवळच्या क्वेसारमधून वर्षाला काहीशे सूर्यांएवढा रेण्वीय वायू बाहेर फेकला जात असल्याचे २०१० मध्ये आढळले. हे असेच चालले तर त्या दीर्घिकेतील तारानिर्मितीचा कच्चा माल खगोलीय हिशेबाने अल्पावधीत संपेल. पण फेकलेला वायू दीर्घिकेच्या बाहेर कायमचा जातो की कारंज्यासारखा परत खाली पडतो, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. शिवाय पुष्कळ क्वेसारांच्या दीर्घिकांत भरपूर वायूही असतो आणि ताऱ्यांची निर्मितीही जोरात चालू असते. याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण काळाच्या मापात आहे : कृष्णविवराचे तेज लाखभर वर्षांत चढते-उतरते, तर दीर्घिकेची तारानिर्मिती मंदावायला कोट्यवधी वर्षे लागतात. त्यामुळे ज्या क्षणी आपण पाहतो त्या क्षणी अपराधी आणि अपराध एकाच खोलीत सापडतीलच असे नाही.

संगणकीय प्रतिरूपांचेही तसेच आहे. कृष्णविवरांची ऊब न धरता विश्वाचे प्रतिरूप चालवले तर सर्वांत मोठ्या दीर्घिका प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जड आणि निळ्या, म्हणजे तरुण ताऱ्यांनी भरलेल्या, निघतात. ऊब धरली की त्या प्रत्यक्षासारख्या लालसर आणि निवृत्त, म्हणजे नवे तारे जवळजवळ न घडवणाऱ्या, होतात. हे ऐकायला निर्णायक वाटते. मात्र २००५ च्या एका गाजलेल्या प्रतिरूपात क्वेसारच्या तेजापैकी ५ टक्के ऊर्जा वायूला मिळते असे धरले होते, आणि तो पाच टक्क्यांचा आकडा निरीक्षणांशी मेळ बसावा म्हणून निवडलेला होता. नंतरची प्रतिरूपे अधिक बारकाईची आहेत, तरी चकती ज्या मापात असते आणि दीर्घिका ज्या मापात असते त्यांतील अंतर इतके आहे की एकाच गणितात दोन्ही बसवणे अजून जमत नाही, आणि मधला दुवा कोणत्या ना कोणत्या नियमाने हाताने भरावा लागतो. प्रश्नकर्त्यांच्या "जुळवून आणलेले" या शब्दाला मी इथे अर्धे माप देतो.

आता ज्या शोधामुळे हा विषय एवढा गाजला त्याकडे येऊ. २००० मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की कृष्णविवराचे वस्तुमान आणि फुगवट्यातील ताऱ्यांचा सरासरी इतस्ततः वेग यांच्यात घट्ट नाते आहे. वेग दुप्पट असेल तर कृष्णविवर वीस-पंचवीस पट किंवा त्याहून जड असते. हे तारे कृष्णविवरापासून इतके दूर असतात की त्यांना त्याची ओढ जाणवत नाही, तरीही दोघांचे आकडे एकमेकांना ओळखतात. यावरून कृष्णविवर वाढता वाढता इतके प्रखर होते की स्वतःचाच वायू उडवून लावते, आणि फुगवट्याची पकड जितकी घट्ट तितकी ही मर्यादा वर, असा तर्क निघाला. त्याचे गणित जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी दोन वर्षे आधीच मांडून ठेवले होते. हे आकर्षक आहे, पण एकमेव नाही. दीर्घिका एकमेकींत विलीन होतात तेव्हा त्यांची कृष्णविवरेही एकत्र येतात. आणि सुरुवातीला दोघांच्या वस्तुमानांत काहीही संबंध नसला तरी पुष्कळ विलीनीकरणांनंतर सरासरीच्या नियमानेच एक प्रमाण तयार होते, असे २०११ मध्ये दोन संशोधकांनी दाखवले. दोघांनी एकाच भांडारातील वायूवर पोट भरले, म्हणून दोघे बरोबर वाढले, असेही असू शकते. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ ही शेजारची दीर्घिका तर या सगळ्यापासून अलिप्तच आहे : तिला फुगवटा जवळजवळ नाही, केंद्रात कृष्णविवर असलेच तर ते सूर्याच्या दीड-दोन हजार पटींहून जड नाही, आणि तिचे तारे मजेत जन्मत आहेत. दीर्घिका घडायला महाकाय कृष्णविवर अत्यावश्यक नाही, एवढे तिने एकटीने सिद्ध केले आहे.

जेम्स वेब दुर्बिणीने या कोड्यात आणखी एक गाठ मारली आहे. आधीच माहीत असलेले उदाहरण घेऊ : जे०३१३-१८०६ हा क्वेसार विश्वाच्या जन्मानंतर ६७ कोटी वर्षांनी १६० कोटी सूर्यांएवढे कृष्णविवर बाळगून होता. कृष्णविवर कमाल वेगाने खात राहिले, म्हणजे त्याच्याच प्रकाशाचा दाब येणाऱ्या वायूला उडवून लावणार नाही इतपतच खात राहिले, तर त्याचे वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण सव्वातीन कोटी वर्षे लागतात. शंभर सूर्यांच्या बीजापासून १६० कोटींपर्यंत यायला चोवीस वेळा दुप्पट व्हावे लागते, म्हणजे एक घासही न चुकवता सुमारे ७८ कोटी वर्षे. तेवढा वेळच झालेला नव्हता. एकतर बीज मोठे, थेट कोसळलेल्या वायुढगातून निघालेले, दहा हजार ते लाखभर सूर्यांचे असले पाहिजे, नाहीतर खाण्याची मर्यादा काही काळ मोडली गेली असली पाहिजे. वेबने आता अशा काळातील अनेक दीर्घिका दाखवल्या आहेत ज्यांत कृष्णविवराचा वाटा ताऱ्यांच्या मानाने हजारावा नसून शंभरावा किंवा त्याहूनही मोठा भासतो. त्या वस्तुमानांच्या मोजणीवर वाद आहेत आणि मीही त्यांवर अजून पूर्ण विसंबत नाही. पण मोजणी टिकली तर कृष्णविवर आधी आणि दीर्घिका मागाहून, असा क्रम काही ठिकाणी मान्य करावा लागेल.

विलीनीकरणाची बाजू तपासण्याचे एक नवे साधन हाती आले आहे, आणि त्यात खोडदचा वाटा आहे हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. दोन महाकाय कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरताना गुरुत्वीय लहरी सोडतात, पण त्यांची आंदोलने काही वर्षांची असल्याने हिंगोली जिल्ह्यात उभारायच्या लायगो-इंडियासारख्या यंत्रांना त्या पकडता येणार नाहीत. त्यासाठी आकाशातील स्पंदक ताऱ्यांची (पल्सारांची), म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांची, टिकटिक वर्षानुवर्षे मोजून तिच्यातील सूक्ष्म मागेपुढे शोधावे लागते. जून २०२३ मध्ये जगभरातील गटांनी अशा लहरींच्या सार्वत्रिक गुणगुणीचे पुरावे एकाच वेळी जाहीर केले, त्यात भारतीय गटाची जीएमआरटीवरील निरीक्षणे युरोपीय गटासोबत होती. ही गुणगुण महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचीच असावी असा सर्वांत सरळ अंदाज आहे.

तर सिद्ध काय झाले? समूहांच्या मध्यवर्ती दीर्घिकांत कृष्णविवर वायूला थंड होऊ देत नाही, हे माझ्या मते सिद्ध झाले आहे. मोठ्या दीर्घिका निवृत्त होण्यामागे त्याचा हात आहे, हे बहुधा खरे आहे. लहान दीर्घिकांची वाढ मात्र मुख्यतः स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी रोखलेली असते, तिथे कृष्णविवराचे नाव घेण्याची फारशी गरज नाही. आपली आकाशगंगा या दोन्ही गटांच्या सीमेवर येते. तिचे कृष्णविवर सध्या आपल्या कमाल तेजाच्या एक कोटीव्या भागाइतकेही चमकत नाही; मात्र केंद्राजवळील वायुढगांवरून परावर्तित झालेल्या क्ष-किरणांवरून दिसते की आपल्या घड्याळाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, म्हणजे पेशवाई बुडाली त्या सुमारास, ते काही काळ बरेच जागे झाले होते. त्याआधी काही लाख ते काही दशलक्ष वर्षांपूर्वी त्याने, किंवा केंद्रातील ताऱ्यांच्या एखाद्या उधाणाने, चकतीच्या वर आणि खाली प्रत्येकी २५,००० प्रकाशवर्षांचे दोन फुगे सोडले, जे २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीला गॅमा किरणांत दिसले. देवयानी दीर्घिकेतील कृष्णविवर आपल्याहून वीस-तीस पट जड आहे. ती आणि आपण पुढच्या हजार कोटी वर्षांत एकमेकींत मिसळण्याची शक्यता, २०२५ च्या गणितानुसार, साधारण निम्मी आहे. मिसळलो तर उरलासुरला वायू केंद्राकडे ढकलला जाईल आणि एकत्र झालेले कृष्णविवर काही काळ तरी पोटभर जेवेल. त्यानंतर त्या एकत्रित दीर्घिकेत नवे तारे किती जन्मतील, हे तिच्याभोवतीचा वायू किती काळ गरम राहतो यावर ठरेल.